वक्फ म्हणजे मुसलमानांचा ट्रस्टच ना, मॅडम?

*पत्र: नमस्कार मॅडम. मी एलएल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनचा विषय 'इस्लामी वक्फ आणि कॉमन लॉमधील ट्रस्ट: तौलनिक अभ्यास' असा आहे. मी बारा मुद्द्यांचं कोष्टक केलं, ते सोबत पाठवते आहे. गाईडनी ते पाहून एवढंच म्हटलं, "ही यादी झाली, तुलना कुठाय?" माझा एक वर्गमित्र म्हणतो की ट्रस्ट ही वक्फचीच नक्कल आहे, तेवढं सिद्ध कर, डिझर्टेशन गाजेल. दुसरा म्हणतो, वक्फ म्हणजे मुसलमानांचा ट्रस्टच, त्यात तुलना करण्यासारखं आहे काय? मला अरबी येत नाही. सुरुवात कुठून करू?*

तुमच्या गाईडचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते अर्ध्या वाक्यात सांगून त्यांनी तुम्हाला वाऱ्यावर सोडलं, हेही खरं. कोष्टक पाहिलं. त्यामागची मेहनत दिसते. पण 'मालकी' या ओळीत डावीकडे 'अल्लाहची', उजवीकडे 'विश्वस्ताची' असं लिहून तुम्ही पुढच्या ओळीला लागलात. सगळं भांडण त्या एका ओळीत आहे आणि तिथेच तुम्ही थांबला नाहीत. (वक्फ म्हणजे मालमत्ता कायमची रोखून तिचं उत्पन्न ठरलेल्या माणसांना किंवा कामाला देणं. त्याच्या अरबी धातूचा अर्थ 'थांबणं, थांबवून ठेवणं' असाच आहे, म्हणून म्हटलं.)

कोष्टकाची ही खोड मला चांगली माहीत आहे. शिकवायला लागले तेव्हा मीही फळ्यावर असेच दोन रकाने आखायचे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, मुतवल्लीने इमारत परस्पर विकली, तर ज्याने विकत घेतली त्याचं काय होतं?" (मुतवल्ली म्हणजे वक्फचा कारभारी.) फळ्यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. घंटा झाली म्हणून वाचले.

तेव्हापासून मी हा विषय एका काल्पनिक इमारतीवर शिकवते. तुम्हीही तसंच करून बघा. खाली भाड्याने दिलेली दुकानं, वर राहत्या खोल्या. मालकीण ठरवते की भाडं आधी मुलांना, मग नातवंडांना, पुढे त्यांच्या मुलांना, आणि वंश खुंटला की गोरगरिबांना मिळावं. हाच बेत एकदा काझीपुढे ठेवा, एकदा लंडनच्या चान्सरी कोर्टापुढे, म्हणजे ट्रस्टची प्रकरणं चालवणाऱ्या चान्सलरच्या कोर्टापुढे. मग त्या इमारतीवर एकेक संकट आणा. सगळं सुरळीत चाललेलं असताना दोन्हीकडे तेच दिसतं: एकाने दिलं, दुसरा सांभाळतो, तिसरा खातो. तुमच्या कोष्टकात नेमका हा सुरळीत काळ उतरला आहे.

पहिलं संकट त्या मुलाचंच घ्या. कारभारी लबाड निघाला आणि त्याने इमारत विकली.

ट्रस्टमध्ये विश्वस्त हा कायद्याच्या नजरेत खराखुरा मालक असतो. कागदावर नाव त्याचं, खरेदीखतावर सही त्याची. घेणाऱ्याने पुरती किंमत मोजली असेल, आणि ट्रस्टची खबर त्याला नसेल, लागायला हवी होती असंही काही नसेल, तर इमारत त्याची झाली. मुलांच्या हाती उरतो विश्वस्तावरचा दावा आणि त्याने खिशात घातलेल्या पैशांचा माग. असं का? कारण लाभार्थ्याचा हक्क जन्मला तोच मुळी चान्सलरने विश्वस्ताच्या सदसद्विवेकाला हात घातला म्हणून. 'कागद तुझ्या नावावर असेल बाबा, पण वस्तू दुसऱ्यासाठी घेतलीस, आता शब्द पाळ.' ज्याने काही माहीत नसताना पैसे मोजले, त्याच्या सदसद्विवेकाला धरणार कुठे?

काझीपुढे हेच प्रकरण दोन मिनिटांत निकाली निघतं. मुतवल्लीकडे विकण्याजोगी मालकीच नाही. तो कारभारी आहे. भाडं वसूल करतो, डागडुजी करतो, वाटप करतो, ठरलेला मेहनताना घेतो. त्याने केलेली विक्री पोकळ, घेणारा कितीही भाबडा असला तरी. इमारत वक्फकडे परत, आणि खरेदीदाराने आपले पैसे मुतवल्लीकडून वसूल करत बसावं. लबाडी तीच, पण एकीकडे लाभार्थी बुडतात आणि दुसरीकडे गिऱ्हाईक. तुमच्या 'मालकी'च्या ओळीत हे दिसायला हवं होतं.

आता त्या ओळीतल्या डाव्या रकान्याबद्दल. 'अल्लाहची' हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. वक्फचा पाया म्हणून सांगितली जाते ती हजरत उमर यांच्या खैबरच्या जमिनीची हदीस: मूळ रोखून ठेव, उत्पन्न दान कर, ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसाला जायची नाही. मूळ नेमकं कोणाकडे रोखलं जातं, याचा निवाडा फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, पुढे आपापल्या परीने केला. हनफी पंथात अबू यूसुफ आणि मुहम्मद अल-शैबानी या दोघांचं मत असं की दात्याची मालकी संपते आणि वस्तू ईश्वराच्या मालकीत जाते. त्यांचेच गुरू अबू हनीफा यांना हे सरसकट मान्य नव्हतं; त्यांच्या मते मृत्युपत्राने केलेला किंवा काझीने शिक्कामोर्तब केलेला नसेल, तर दाता वक्फ मागे घेऊ शकतो. मालिकी म्हणतात, मालकी दात्याकडेच राहते, फक्त त्याचे हात बांधले जातात. हंबली लाभार्थ्यांकडे बोट दाखवतात. म्हणजे तुमच्या एका शब्दाखाली तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि 'इस्लामी कायदा सांगतो की' अशी सुरुवात करणारं प्रत्येक वाक्य परीक्षक लाल पेनाने खोडणार आहे. पंथ लिहा, शतक लिहा. मी तुमच्या जागी असते तर फक्त हनफी घेतला असता. ऑटोमन साम्राज्यात तोच चालायचा, आपल्याकडेही बहुतांशी तोच.

उजव्या रकान्यातही एक खोट आहे, तीही तुमच्या शीर्षकातच. 'कॉमन लॉमधील ट्रस्ट' असं आपण सगळेच म्हणतो, पण काटेकोर अर्थाने कॉमन लॉच्या कोर्टांनी ट्रस्टला ओळखच दिली नव्हती. त्यांना दिसायचा तो कागदावरचा मालक. ट्रस्ट हे इक्विटीचं, म्हणजे चान्सरी कोर्टाने न्यायबुद्धीने घडवलेल्या कायद्याचं, अपत्य. 'कॉमन लॉ परंपरेतील' एवढा बदल करा. शब्द एकच, पण तोंडी परीक्षेत या एका शब्दावर पंधरा मिनिटं गेलेली मी पाहिली आहेत.

'वक्फ म्हणजे मुसलमानांचा ट्रस्टच' म्हणणाऱ्या मित्रासाठी १९२१ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारताच्या शेवटच्या अपील कोर्टाचा, निवाडा वाचा: विद्यावारुथी विरुद्ध बलुसामी अय्यर. प्रकरण गंमतीचं आहे, कारण त्यात वक्फ नव्हताच. एका हिंदू मठाची जमीन मठाधिपतीने कायमच्या पट्ट्याने दिली होती आणि प्रश्न मुदतीच्या कायद्याचा होता. त्या ओघात निवाड्याने ठणकावून सांगितलं की महंत, शेबाइत (देवस्थानाचा व्यवस्थापक) किंवा मुतवल्ली यांच्यापैकी कोणीही इंग्रजी अर्थाने 'ट्रस्टी' नाही. मालमत्ता त्यांच्यात निहित होत नाही, ते व्यवस्थापक आहेत. लिहिणारे होते सय्यद अमीर अली. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येईल.

दुसरं संकट. कारभारी चोख आहे, लाभार्थीच कंटाळले. "दर महिन्याचं भाडं नको, इमारत विकून पैसे वाटून द्या."

इथे तुम्हाला १८४१ चा सॉन्डर्स विरुद्ध वॉटिए सोडून चालणार नाही. एका गृहस्थाने नात्यातल्या मुलासाठी ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर ठेवले आणि विश्वस्तांना सांगितलं की लाभांश साठवत राहा, पोरगा पंचवीस वर्षांचा झाला की सगळं दे. पोरगा एकवीस वर्षांचा झाला, कायद्याने सज्ञान झाला आणि कोर्टात जाऊन म्हणाला, मला आत्ताच द्या. कोर्टाने दिलं! माल शेवटी ज्याचा आहे तो सज्ञान आहे आणि दुसऱ्या कोणाचा त्यात वाटा नाही, मग मेलेल्या माणसाची चार वर्षांची अट त्याच्या आड का यावी? त्याच न्यायाने सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि एकमुखाने मागत असतील, तर ट्रस्ट मोडता येतो. अर्थात हे खाजगी ट्रस्टचं झालं. धर्मादाय ट्रस्टला असा मोडणारा मालकच नसतो.

काझीपुढे अख्खं खानदान रांगेत उभं राहिलं तरी इमारत सुटणार नाही. त्यांचा हक्क भाड्यावर आहे. फकीहांमध्ये एक वचन प्रसिद्ध आहे: वाकिफची (वक्फ करणाऱ्याची) अट ही शारिअच्या (कायदा देणाऱ्या ईश्वराच्या) वचनासारखी. पुढे भाष्यकारांनी त्यावरही काथ्याकूट केला, की अट वाचायची कशी एवढ्यापुरतंच हे की पाळायची सक्तीही तितकीच. पण रोख स्पष्ट आहे. ट्रस्टमध्ये जिवंत माणूस मेलेल्याला बाजूला सारू शकतो. वक्फमध्ये ते जवळपास अशक्य, आणि तुमच्या डिझर्टेशनचा कणा मला इथेच दिसतो: देणाऱ्याचा शब्द त्याच्यामागे किती काळ चालायचा, आणि तो सैल करायचा अधिकार कोणाचा?

तिसरं संकट हे खरं तर संकट नाही, नुसता काळ आहे. इमारत नातवंडांच्या नातवंडांपर्यंत पोहोचली. इथे दोन्ही व्यवस्था एकमेकींच्या बरोबर उलट वागतात, आणि ते तुमच्या कोष्टकात 'मुदत: कायमस्वरूपी / मर्यादित' एवढ्यात उरकलंय.

इंग्लंडमध्ये कुटुंबासाठीची अशी तजवीज अनंत काळ चालू शकत नाही. १६८२ च्या ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यापासून जो नियम वाढत गेला, त्याप्रमाणे हक्क हयात माणसांच्या आयुष्यात किंवा त्यानंतर एकवीस वर्षांच्या आत कोणाच्या तरी पदरात पक्का पडला पाहिजे. (तिथे २००९ च्या कायद्याने आता सरळ १२५ वर्षं केली आहेत.) कायमचं चालायची सवलत फक्त धर्मादायाला, म्हणजे गरिबी, शिक्षण, धर्म किंवा लोकांच्या उपयोगाचं दुसरं काही, अशी १८९१ च्या पेम्सेल खटल्यातली लॉर्ड मॅकनॉटन यांची वर्गवारी. आपल्या पोराबाळांना पोसणं यात बसत नाही.

हनफी कायद्यात कौटुंबिक वक्फ वैध ठरतो तोच मुळी कायमचा असल्यामुळे. वंश आज ना उद्या खुंटणार, म्हणून शेवटी कधीही न संपणारा लाभार्थी हवा, आणि गरीब कधी संपत नाहीत. शिवाय स्वतःच्या नातलगाला देणं हाही तिथे सदकाच, दानच. म्हणजे आपल्या मालकिणीचा तोच कागद एका कोर्टात 'फार लांबतो' म्हणून बाद, आणि दुसऱ्या कोर्टात 'पुरेसा लांबतो' म्हणून वैध.

हे दोन कायदे नुसते शेजारी ठेवण्यात मजा नाही. ते प्रत्यक्ष एकमेकांवर आदळले तो प्रसंग घ्या. १८९४, प्रिव्ही कौन्सिल, अबुल फता विरुद्ध रुसोमय धर चौधरी. दोन भावांनी वक्फ केला होता: पिढ्यान् पिढ्या वंशजांना, आणि कोणीच उरलं नाही तर विधवा, अनाथ, गरिबांना. लॉर्ड हॉबहाउस यांनी सांगितलं की गरिबांना दिलेलं हे दान इतकं दूरचं आहे की तो नुसता देखावा ठरतो. ही कौटुंबिक तजवीज आहे, वक्फ नव्हे. इंग्रजी 'चॅरिटी'चा चष्मा लावून पाहिलं तर निकालात चूक काढता येत नाही. चूक चष्म्यात होती. अमीर अलींनी कलकत्ता हायकोर्टात असताना अशाच प्रकरणात वेगळं मत नोंदवून हेच सांगितलं होतं, पण ते अल्पमतात पडले. निकालाविरुद्ध मुस्लिम समाजात मोठी नाराजी झाली, जिनांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं आणि १९१३ च्या कायद्याने कौटुंबिक वक्फ पुन्हा वैध ठरले. जुन्या वक्फांना तो लागू पडायला १९३० चा आणखी एक कायदा लागला. दरम्यान अमीर अली प्रिव्ही कौन्सिलवर जाऊन बसले होते. १९२१ चा तो निवाडा आता पुन्हा वाचा. 'मुतवल्ली ट्रस्टी नाही' हे वाक्य इतक्या जोरात का आलं, ते कळेल.

एक सावधगिरी. हे लिहिताना कौटुंबिक वक्फ म्हणजे केवळ पुण्यकर्म, असं चित्र रंगवू नका. इस्लामी वारसा कायद्यात वाटे ठरलेले असतात, जमिनीचे तुकडे होतात, आणि सुलतानाची नजर वाईट. वक्फ या सगळ्यावरचा उपाय होता, कधीकधी मुलींचा वाटा टाळण्याचाही. आणि ट्रस्ट तरी काय वेगळा? त्याचा पूर्वज 'यूझ' (जमीन एकाच्या नावावर, उपभोग दुसऱ्याचा) वाढला तो सरंजामी देणी चुकवायला आणि जमीन मृत्युपत्राने देता यावी म्हणून. राजाचं उत्पन्न इतकं बुडालं की आठव्या हेन्रीने १५३५ चा कायदा आणला. पळवाटेतून आलेल्या या दोन संस्था आहेत. त्यांना कमीपणा आणायला नाही सांगत. पळवाट कशाकडे जाते त्यावरून भिंत कुठे होती ते समजतं.

चौथं संकट: इमारत जळाली. किंवा इमारत धडधाकट आहे, पण ती ज्यासाठी होती तेच उरलं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही कोष्टकात 'सी-प्रे = इस्तिब्दाल' असं लिहून दोन्ही एकत्र कालवलेत, तेवढी ओळ आजच खोडा. सी-प्रेमध्ये हेतू बदलतो: मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं, तर कोर्ट धर्मादाय ट्रस्टचा पैसा त्याच्या जास्तीत जास्त जवळच्या हेतूकडे वळवतं. इस्तिब्दालमध्ये हेतू तोच राहतो, वस्तू बदलते: निरुपयोगी झालेली इमारत काझीच्या परवानगीने देऊन त्याच मोलाची दुसरी घ्यायची.

जळालेल्या इमारतीसाठी ऑटोमन काझींनी आणखी एक तोड काढली, ती मला फार आवडते. इजारतैन, म्हणजे दुहेरी भाडं. वक्फकडे पुन्हा बांधायला पैसा नाही, विकायला मुभा नाही. मग भाडेकरू इमारतीच्या किमतीच्या आसपास रक्कम एकदम मोजतो, त्यातून बांधकाम होतं, आणि पुढे वर्षाला नाममात्र भाडं. त्याचा हक्क मुलांना जातो, विकताही येतो. विक्री निषिद्ध, भाडं चालतं, आणि हे कागदावर भाडंच. 'वक्फ गोठलेला असतो' असं लिहायचा मोह झाला की इजारतैन आठवा, आणि सोबत नगद वक्फही. रोख रक्कम कायमची राहते कशी आणि तिच्यावरचं उत्पन्न व्याज नाही तर काय, यावरून सोळाव्या शतकात इस्तंबूलमध्ये जोरदार वाद झाला. शेखुलइस्लाम, म्हणजे साम्राज्याचे सर्वोच्च मुफ्ती, एबुस्सुऊद बाजूने, धर्मपंडित बिर्गिवी विरोधात. नगद वक्फ टिकले.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. ऑटोमन सुलतान सुलेमानची बेगम हुर्रम सुलतानने सोळाव्या शतकाच्या मध्यावर जेरुसलेममध्ये अन्नछत्र काढलं. किती माणसं नेमायची, सकाळी तांदळाचं सूप आणि संध्याकाळी गव्हाच्या रव्याचं, शुक्रवारी आणि सणाला मटणभात आणि केशरी गोड भात, इथपर्यंत सगळं तिच्या वक्फने बांधून दिलं होतं. असा कागद वाचताना देणारीची माया जाणवते. पण तीनशे वर्षांनी शहराला सूपापेक्षा नळाची गरज जास्त असेल, तर पैसा तिकडे वळवणार कोण? तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञाचा आक्षेप हाच आहे: वक्फने मालमत्ता सुलतानाच्या हातून वाचवली, पण ज्या कडीने सुलतान बाहेर राहिला त्याच कडीने बदलही बाहेर राहिला. त्यांचं सगळं पटायला हवं असं नाही. मला ते इजारतैनसारख्या तडजोडींना कमी लेखतात असं वाटतं. पण त्यांना उत्तर दिल्याशिवाय तुमचं शेवटचं प्रकरण उभं राहणार नाही.

कारभाऱ्याच्या निष्ठेवर फार पानं घालवू नका. १७२६ चा कीच विरुद्ध सँडफर्ड सांगा: बाजाराचा पट्टा एका अज्ञान मुलासाठी ट्रस्टमध्ये होता, जमीनमालकाने मुलाला नवा पट्टा द्यायला नकार दिला, म्हणून विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला, कोर्टाने म्हटलं, जगात हा पट्टा घ्यायची मनाई असलेला एकमेव माणूस तोच. मुतवल्ली अमानतदार आहे, हयगय किंवा आगळीक केली तर भरपाई देतो, काझी त्याला काढू शकतो. एवढं पुरे.

आता 'नक्कल' सिद्ध करायला सांगणाऱ्या मित्राबद्दल. हा दावा पोकळ नाही. मोनिका गौडिओसी यांनी १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजवर लेख लिहिला. इंग्लंडचा चान्सलर राहिलेल्या वॉल्टर डी मर्टनने १२६४ मध्ये जे दस्तऐवज केले, ते अरबीत असते तर वक्फनामा म्हणून खपले असते, असा त्यांचा रोख आहे. मला हा लेख आवडतो, पण एक प्रश्न सुटत नाही: मर्टन पुढे ट्रस्ट झालंच नाही, ते स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगणारं कॉर्पोरेशन झालं. मग ट्रस्टचा उगम तिथे कसा धरायचा? शिवाय १२२४ मध्ये इंग्लंडात आलेले फ्रान्सिस्कन साधू आहेत. त्यांना मालमत्ता बाळगायला मनाई, म्हणून घरं दुसऱ्यांच्या नावावर राहत आणि वापर साधूंचा. हे स्पष्टीकरण घरचं आहे आणि पुरेसंही. दोन घरांना सारखं कुलूप असलं म्हणजे एकाने दुसऱ्याची किल्ली चोरली असं होत नाही. चोर दोन्हीकडे सारखे असतील. उगमाला प्रस्तावनेत चार पानं द्या आणि पुढे चला.

अरबी येत नसल्याची भीती बाळगू नका, पण ते लपवूही नका. हेदायाचं, म्हणजे हनफी कायद्याच्या गाजलेल्या ग्रंथाचं, चार्ल्स हॅमिल्टनचं इंग्रजी भाषांतर १७९१ चं आहे आणि तेही थेट अरबीवरून नाही, फारसी अनुवादावरून केलेलं. ब्रिटिश न्यायाधीश पिढ्यान् पिढ्या यावर विसंबले. तुम्हीही ते वापरा, फक्त प्रत्येक अवतरणापाशी हा दोन पायऱ्यांचा प्रवास नोंदवा. आणि त्यातलं वक्फचं प्रकरण उघडलंत की आधी त्याचं शीर्षक पाहा. हॅमिल्टनने वक्फला 'ॲप्रोप्रिएशन' म्हटलंय. 'ट्रस्ट' हा शब्द त्याच्या हाताशीच होता, तरी त्याने तो घेतला नाही. पहिलं पान तिथून सुरू करा, आणि झालं की मला पाठवा.